तळमजल्यावरचं घर आणि पंचगंगेचा आकडा

प्रश्न: मार्चमध्ये आम्ही शाहूपुरीत तळमजल्यावर भाड्याने राहायला आलो. घरात मी, मिस्टर, आठ आणि चार वर्षांची दोन मुलं आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. त्यांना रोज इन्सुलिन लागतं, काठीशिवाय चालता येत नाही. मिस्टर शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत पाळीला जातात. घरमालक वरच्या मजल्यावर राहतात. २०२१ ला आमच्या हॉलमध्ये साडेतीन फूट पाणी होतं, त्याची रेघ त्यांनी दाखवली. घराचं जोतं गल्लीपासून दीड फूट उंच आहे. मी मोबाईलवर चक्रीवादळाच्या तयारीची एक यादी वाचली: खिडक्यांना फळ्या, काचांना टेप, जनरेटर, डबाबंद अन्न. यातलं काय काय करू? दाराला वाळूची पोती लावली तर पाणी थांबेल का? वेळ आलीच तर मुलांना आणि सासूबाईंना घेऊन माहेरी कोडोलीला जायचं ठरवलं आहे. — एक वाचक, शाहूपुरी

ताई, तुम्ही वाचलेली यादी समुद्रकाठच्या माणसांसाठी आहे. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा काही तासांत पत्रे उडाले, झाडं आणि विजेचे खांब आडवे झाले. तिथे खिडकीला फळी मारण्यात अर्थ आहे. काचेला टेप लावण्यात तिथेही अर्थ नाही. टेपने काच फुटायची थांबत नाही, फक्त तिचे मोठे तुकडे पडतात. कोल्हापूरच्या महापुराची चाल वेगळी आहे. इथे पाणी इंचाइंचाने चढतं आणि मग दिवसचे दिवस उतरत नाही. तेव्हा फळ्या, टेप सोडून द्या. जनरेटरही नको. बंद जागेत किंवा जिन्याखाली चालवलेल्या जनरेटरचा धूर झोपेतल्या माणसाचा जीव घेतो, आणि त्याला वास येईलच असं नाही. तुम्हाला दोनच गोष्टींची तयारी करायची आहे: पाणी किती उंच येईल आणि किती दिवस राहील.

उंचीपासून सुरुवात करू, कारण बाकी सगळं तिच्यावर ठरतं. पंचगंगेची पातळी कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. पावसाळ्यात हा आकडा दिवसातून अनेकदा जाहीर होतो आणि अख्खं कोल्हापूर तो तोंडपाठ म्हणत असतं. पण ४३ हा शहराचा आकडा झाला. तुमच्या उंबऱ्याचा आकडा वेगळा आहे आणि तो तुम्हाला घरबसल्या काढता येतो.

२०२१ ला बंधाऱ्यावर पाणी ५६ फुटांच्या आसपास गेलं होतं. तेव्हा तुमच्या फरशीवर साडेतीन फूट होतं. म्हणजे फरशीला पाणी लागतं साधारण साडेबावन्न फुटांना. जोतं दीड फुटाचं, म्हणजे दारापुढच्या गल्लीत पाणी येतं ५१ ला. आता सगळ्यांत महत्त्वाचं आणि नेहमी राहून जाणारं माप: गल्लीचं तोंड. तुम्ही मुख्य रस्त्याला ज्या जागी बाहेर पडता ती जागा तुमच्या दारापेक्षा किती खाली आहे? एखाद्या गवंड्याला त्याची पाण्याची नळी घेऊन बोलवा. पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक तुमच्या दाराशी आणि दुसरं गल्लीच्या तोंडाशी धरलं की दोन्हीकडे पाणी एका पातळीत उभं राहतं आणि फरक टेपने मोजता येतो. नळी पुरली नाही तर मध्ये एक टप्पा घ्या. नळीत हवेचा बुडबुडा मात्र राहू देऊ नका, माप चुकतं. समजा फरक दोन फूट निघाला. मग तुमची बाहेर जायची वाट ४९ फुटांना बंद होते, घरात पाण्याचा थेंब नसताना. त्यातून दोन फूट सावधगिरीचे वजा करा, कारण बंधारा आणि शाहूपुरी यांच्यातला हिशोब दर पुरात तंतोतंत जुळत नाही. उरले ४७ (फरक वेगळा निघाला तर हा आकडाही तेवढाच बदलेल). हा तुमच्या घराला कुलूप लावायचा आकडा. स्वयंपाकघराच्या दाराआड भिंतीवर तो मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. मात्र महापालिकेने किंवा जिल्हा प्रशासनाने त्याआधी बाहेर पडा म्हटलं, तर आपला आकडा बाजूला ठेवून निघायचं.

आकड्याइतकाच त्याचा वेग बघा. पाणी तासाला दोन इंच चढत असेल तर एक फूट चढायला सहा तास लागतात. संध्याकाळी सहाला पातळी ४६ असेल आणि वेग तोच असेल, तर रात्री बाराला ४७. म्हणजे तुम्हाला उजेड असतानाच निघायला हवं. अंधारात, वीज गेलेली, दोन लहान मुलं आणि काठी टेकत चालणाऱ्या सासूबाई, अशी वेळ स्वतःवर आणू नका. २०१९ चा अनुभव डोक्यात ठेवून २०२१ ला थांबलेले बरेच जण अडकले, कारण २०२१ ला पाणी जास्त झपाट्याने चढलं. मागच्या पुराने वेग शिकवला असं समजू नका, त्याने फक्त उंची दाखवली.

पंचगंगा घाटावर पाणी बघायला जाऊन तुमच्या घराचा अंदाज येणार नाही. शाहूपुरी, लक्ष्मीपुरी या भागांत पाणी नदीकडून समोरून चालत येत नाही. नदी चढली की जयंती नाल्याचं पाणी नदीत जाऊ शकत नाही, नाल्याला फुगवटा येतो आणि पाणी मागच्या बाजूने, गटारांतून, चेंबरमधून वर येतं. म्हणून पावसाने उघडीप दिलेली असताना, अगदी ऊन पडलेलं असतानाही तुमच्या गल्लीत पाणी वाढू शकतं. गगनबावडा आणि राधानगरीकडे आदल्या दिवशी पडलेला पाऊस तेव्हा खाली पोचत असतो.

राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की शहरात एकच धावपळ होते, त्याबद्दलही सांगायला हवं. धरण भरलं की वाढीव पाण्याच्या दाबाने हे दरवाजे आपोआप उचलले जातात. एकूण सात दरवाजे आहेत आणि एकातून १४२८ क्युसेक पाणी जातं. याचा अर्थ नदी आणखी चढेल, तयारी एक पायरी पुढे न्या, एवढाच. ‘धरण फुटलं’ असा निरोप मोबाईलवर आला तर पुढे पाठवू नका. १०७७ या जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या क्रमांकावर विचारा.

आता वाळूची पोती. दारात पोती रचून पाणी अडणार नाही, कारण ते दारातून येण्याआधी संडासाच्या भांड्यातून आणि मोरीच्या जाळीतून येईल. पोत्यांचा खरा उपयोग तिथे आहे. जाड प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरून, तोंड घट्ट बांधून, एक संडासाच्या भांड्यात आणि एकेक मोरीच्या व न्हाणीघराच्या जाळीवर दाबून ठेवा. पिशवीत दोन-तृतीयांशच वाळू घाला. गच्च भरलेली पिशवी दगडासारखी बसते आणि बाजूने फट राहते. यामुळे पाणी पूर्ण थांबत नाही, पण मैला घरात पसरणं बरंच टळतं आणि नंतरची निम्मी घाण वाचते.

समोरच्या दाराला सहा-आठ इंच पाण्यापुरती पोती लावलीत तर हरकत नाही. त्यापुढे पाणी बाहेर अडवून धरायचा हट्ट करू नका. एक मीटर खोल पाणी भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे ५०० किलोचा रेटा देतं. आत कोरडं आणि बाहेर कमरेएवढं पाणी असलं की साडेचार इंची विटांची भिंत तो रेटा सोसेल याची खात्री नाही. पाणी जोत्याच्या वर चढायला लागलं की ते आत येऊ द्यायचं. दोन्ही बाजूंनी सारखं पाणी असलं की भिंत उभी राहते. जुन्या पांढऱ्या मातीच्या भिंतीच्या घरात तर एक दिवसही थांबू नये. ती भिंत पाण्यात मऊ होते आणि कित्येकदा पाणी उतरून वाळताना कोसळते.

कोडोलीचा बेत बदला, ताई. माहेर ते माहेर, पण ते नदीपलीकडे आहे. रत्नागिरी रस्ता केर्लीजवळ पाण्याखाली जातो, शिवाजी पुलाची वाहतूक थांबते आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गही २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा बंद पडला होता. अर्ध्या वाटेतून परत फिरायची वेळ आली तर मागची वाटही गेलेली असते. नदीच्या आपल्याच बाजूला, चढावर कोण राहतं ते आठवा: राजारामपुरीचा वरचा भाग, सम्राटनगर, जवाहरनगर, संभाजीनगर, आर. के. नगर, कळंबा. पै-पाहुणे असतील तर आत्ताच बोलून ठेवा की चार-पाच जण आठ-दहा दिवस येऊ. ऐनवेळी दार वाजवण्यापेक्षा हे दोन्हीकडच्यांना सोपं जातं. कुणीच नसेल तर महापालिकेचं निवारा केंद्र तुमच्या भागासाठी कुठल्या शाळेत किंवा सभागृहात असतं ते विचारून एकदा जाऊन बघा. सासूबाईंना तिथला संडास वापरता येईल का, तेवढं नक्की बघा.

मिस्टरांची पाळी हाही याच हिशोबाचा भाग आहे. शिरोली पलीकडे. पातळी ४३ च्या वर आणि चढती असेल तर त्या दिवशी पाळीला जायचं नाही, किंवा गेलेच तर पाणी उतरेपर्यंत तिकडेच मुक्काम, असं दोघांनी आत्ताच ठरवा. ‘घरचे एकटे आहेत’ म्हणून पाण्यातून मोटारसायकल घालणं हा सगळ्यांत वाईट पर्याय. वाहतं पाणी घोट्याच्या थोडं वर असलं तरी माणसाचा पाय सुटतो, आणि दोन फूट वाहतं पाणी चारचाकीही ढकलून नेतं. ते पलीकडे अडकले तर सामान कोण उचलणार, सासूबाईंना कोण धरणार, यासाठी गल्लीतल्या तालमीच्या पोरांपैकी दोघांचे नंबर तुमच्याकडे हवेत.

हे सगळं मृग लागायच्या आत करून ठेवा. २०१९ आणि २०२१ चे महापूर आले ते म्हाताऱ्या पावसात आणि आश्लेषात, म्हणजे साधारण २० जुलैपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. पण गवंडी, प्लंबर, वायरमन जुलैत मिळत नाहीत.

पातळी ३९ ला गेली की पहिली पायरी. वरची टाकी काठोकाठ भरा, कारण पुढे नळाला पाणी नसेल. शिंगणापूर आणि बालिंग्याची पंपिंग स्टेशनं नदीकाठी आहेत. २०१९ आणि २०२१ ला ती पाण्याखाली गेली आणि ज्यांच्या घराला पाणी लागलं नव्हतं तेही टँकरच्या रांगेत उभे राहिले. पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोज चार लिटर धरा. पाच माणसांना दहा दिवसांचे २०० लिटर होतात. एवढं भांड्यांत मावत नाही, म्हणून वरची टाकी. घरमालकांशी बोलून ठरवा की त्या दिवसांत टाकीचं पाणी अंघोळ-धुण्याला सोडायचं नाही. जमिनीतली टाकीही भरून झाकण घट्ट लावा. रिकामी प्लास्टिकची टाकी पाण्याच्या रेट्याने जमिनीतून उचलली जाते. त्यात पुराचं पाणी शिरणारच, तेव्हा ते पाणी पिण्याचं नाही हे धरून चाला. गाडीत पेट्रोल भरून घ्या. २०१९ ला महामार्ग बंद झाल्यावर शहरात पेट्रोलची टंचाई झाली होती. घरात कॅनमध्ये मात्र साठवू नका. पाच-सहा हजार रुपये सुट्ट्या नोटांत काढून ठेवा, वीज आणि नेटवर्क गेलं की मोबाईलने पैसे देता येत नाहीत.

सासूबाईंचं इन्सुलिन याच दिवशी मोजा. पंधरा-वीस दिवसांचा साठा, तेवढ्या सुया किंवा सिरिंज, साखर तपासायच्या पट्ट्या, मशीनची जादा बॅटरी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो. वीज गेल्यावर फ्रीजची आठवण काढून घाबरू नका. वापरात असलेली बाटली किंवा पेन घरातल्या साध्या तापमानाला साधारण चार आठवडे टिकतं. आपल्या कोल्हापूरच्या पावसाळ्यातला गारवा त्याला पुरतो. तुमच्या प्रकारचं इन्सुलिन नेमके किती दिवस टिकतं ते वेष्टनावर वाचा. न उघडलेल्या बाटल्या डब्यात, डबा प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवी ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या माठापाशी ठेवली की भागतं. बर्फाला चिकटवून ठेवू नका. इन्सुलिन एकदा गोठलं की निकामी होतं आणि दिसायला तसंच दिसतं. हीच चूक जास्त होते. धावपळीत जेवणाच्या वेळा चुकतात आणि साखर खाली येते, म्हणून त्यांच्या पिशवीत गूळ आणि साखरेची पुडी वेगळी असू द्या. जेवण पुढे आल्याशिवाय जेवणाआधीचं इन्सुलिन टोचायचं नाही.

डबाबंद अन्नावर पैसे घालवू नका. चिरमुरे, भडंग, शेंगदाणे, गूळ, पोहे, मेतकूट, कांदा-लसणाची चटणी, मुलांसाठी लाडू, बिस्किटं आणि दूध पावडर, हे न शिजवता दोन-तीन दिवस पुरतं आणि मुलंही खातात.

४३ ला सामान वर. आधी कागद: आधार, रेशनकार्ड, पासबुकं, भाडेकरार, मुलांचे दाखले, विमा, सासूबाईंचे रिपोर्ट. दोन प्लास्टिक पिशव्या, एकीत दुसरी, आणि ती पिशवी घरात न ठेवता बरोबर. मग तुमचा माळा. तो फरशीपासून सात फुटांवर असेल तर २०२१ इतक्या पाण्यात सुरक्षित आहे. तिथे कपडे, अंथरूण-पांघरूण, मुलांची पुस्तकं, मिक्सर. धान्याची पोती माळ्यावर चढवू नका, त्या स्लॅबला तेवढं वजन झेपेलच असं नाही. ती जिन्यातून वर. लोखंडी कपाटाचे खालचे दोन कप्पे रिकामे करा. प्लायवुडचा दिवाण वाचणार नाही, त्याच्यासाठी पाठ मोडून घेऊ नका, आतलं सामान तेवढं काढा. फ्रीज रिकामा असेल तर पाण्यात तरंगतो आणि उलटतो, दार अडवून बसतो. चौघे जण असतील तर उभाच वर न्या. आडवा न्यावा लागला तर उभा केल्यावर काही तास सुरू करायचा नाही.

गॅसची टाकी जड आहे म्हणून जागेवर राहील असं बहुतेकांना वाटतं. घरगुती टाकीत गॅस १४.२ किलो आणि लोखंडाचं वजन साधारण १५-१६ किलो, म्हणजे भरलेली टाकी ३० किलोची. पण ती बाजूला सारते त्या पाण्याचं वजन ३३ किलोहून जास्त असतं. म्हणून भरलेली टाकीसुद्धा तरंगते. तरंगताना पाइप ओढला जातो, रेग्युलेटर निखळतो आणि बंद घरात गॅस साठतो. रेग्युलेटर बंद करून काढा, टाकीला सुरक्षा टोपी लावा आणि दोन्ही टाक्या वर न्या. नेणं शक्यच नसेल तर टोपी लावून खिडकीच्या गजाला उभी, दोन ठिकाणी दोरीने आवळून बांधा.

पाण्याची मोटर पातळी ४३ ला जायच्या आत काढून वर ठेवा. त्यासाठी आत्ताच प्लंबरकडून मोटरच्या दोन्ही बाजूंना युनियन बसवून घ्या, म्हणजे पाइप न कापता पान्याने ती वेगळी करता येते. नाहीतर पाण्यात गेलेली मोटर वाइंडिंगच्या दुकानात महिनाभर पडून राहते, कारण तेव्हा सगळ्या शहराच्या मोटरी तिथेच असतात.

४५ ला सासूबाई आणि मुलं बाहेर. हा आकडा तुमच्या ४७ पेक्षा दोन फूट आधीचा ठेवला आहे, कारण त्यांना हलवायला वेळ लागतो आणि रिक्षा तेव्हाच मिळते. पावसात चार पायऱ्या उतरताना काठीवर विसंबू नका, दोन्ही बाजूंनी धरा.

४७ ला तुम्ही. मेन स्विच बंद. इन्व्हर्टर असेल तर तो वेगळा बंद करा आणि बॅटरीची वायर काढा. मेन बंद असला, महावितरणने लाइन तोडली तरी इन्व्हर्टर घराच्या वायरिंगमध्ये वीज देत राहतो. ओल्या हाताने किंवा पाण्यात उभं राहून यातलं काहीही करायचं नाही. पाणी फरशीवर आलं असेल तर बोर्डाला हात न लावता निघा आणि महावितरणला १९१२ वर कळवा. पुढचं काम घरमालकांशी बोलायचं आहे: तळमजल्याला स्वतंत्र बोर्ड आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (शॉक बसायला लागताच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या, सॉकेट २०२१ च्या रेघेच्या वर न्या. खर्च त्यांचा, पण घर त्यांचंच आहे आणि आग लागली तर वरच्या मजल्यालाही लागते.

घराला दार-खिडक्या लावा, पण दाराबाहेर एखादं जनावर बांधलेलं असेल तर दावं सोडूनच जा. चिखली-आंबेवाडीत, शिरोळ तालुक्यात हे दर पुरात पुन्हा सांगावं लागतं. बांधलेली म्हैस पोहू शकत नाही.

परत येताना घाई होते आणि इजा त्यातच होतात. उजेडात, बूट घालून, हातात काठी घेऊन या. दार उघडून आधी वास घ्या. गॅस आला तर मागे फिरा, दिवा, काडी, स्विच काही नाही. पाण्यातून आलेले साप कोरडा कोपरा शोधतात: माळा, कपाटामागे, गुंडाळलेली गादी. वस्तू हाताने नाही, काठीने हलवा. चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं नाही. तो हात किंवा पाय हलू न देता थेट सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा १०८ ला फोन.

झाडू हातात घ्यायच्या आधी फोटो. प्रत्येक खोली, भिंतीवरची पाण्याची रेघ, खराब झालेली प्रत्येक वस्तू. सरकारी मदत पंचनाम्यावर मिळते आणि भाडेकरूच्या वस्तूंचं नुकसान घरमालकाच्या नावावर लिहिलं जाऊ नये, यासाठी भाडेकराराची प्रत तलाठ्यापुढे तयार ठेवा. मोटारसायकल पाण्यात गेली असेल तर किक मारू नका. इंजिनात पाणी असताना सुरू केल्याने झालेलं नुकसान विमा कंपन्या सहसा देत नाहीत. बॅटरी सोडवून, ढकलत मेकॅनिककडे न्या.

चिखल ओला असताना काढा. पाणी उतरता उतरता, घोटाभर असतानाच फरशी आणि भिंती त्याच पाण्याने खळखळून धुतल्या आणि ते पाणी बाहेर ढकललं तर गाळ त्याच्याबरोबर जातो. एकदा वाळला की खरवडावा लागतो. स्वच्छ पाण्याने धुऊन झाल्यावर दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम ब्लिचिंग पावडर कालवा, निवळी घ्या आणि फरशीला व कमरेपर्यंतच्या भिंतींना लावून अर्धा तास ठेवा. संडास साफ करायचं अॅसिड त्याच दिवशी, त्याच बादलीत कधीही नाही. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू होतो. हातमोजे घाला आणि मुलांना तेव्हा घरात आणू नका. पायाला जखम असताना या पाण्यात उतरावं लागलं असेल आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना ‘पुराच्या पाण्यात होतो’ हे आवर्जून सांगा. लेप्टोची (पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची) गोळी वेळेवर मिळायला एवढं एक वाक्य पुरतं.

जमिनीतली टाकी पूर्ण उपसून, घासून, भरल्यावर दर हजार लिटरला पाच ग्रॅम ब्लिचिंग पावडर. तासाभराने ते सगळं पाणी वापराच्या नळातून सोडून द्या आणि दुसऱ्यांदा भरलेलं पाणीही पहिले काही दिवस उकळूनच प्या. वायरमन येऊन इन्सुलेशन तपासेपर्यंत मेन चालू करायचा नाही. सॉकेटच्या डब्यांत गाळ बसलेला असतो आणि बाहेरून तो कोरडा दिसतो.

भिंतींना रंग द्यायची घरमालक घाई करतील, करू देऊ नका. विटांच्या आतलं पाणी निघायला आठवडे लागतात आणि वर रंग चढवला की दसऱ्यापर्यंत पापुद्रे सुटतात. तोवर खिडक्या उघड्या ठेवा आणि कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे सरकवा.